दिवसभराचं एक ताट

प्रकाशरावांचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी होते, म्हणून पहिल्यांदा तो उचलला नाही. लगेच पुन्हा वाजला तेव्हा मोजे काढले. "हेमा गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी दुकान उघडायला ती खाली उतरली, शटरचं कुलूप काढायला वाकली आणि पायरीवर बसली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने पाणी आणलं, पण ते प्यायला ती राहिली नव्हती. हृदयविकाराचा झटका. वय बावन्न. त्यानंतरच्या आठवड्यांत मला जे जे भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला किंवा दुसरा प्रश्न हाच विचारला, "त्या ऑपरेशनमुळेच ना?" मला अशा प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय आहे, म्हणून मी तिच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, तिच्या हृदयावर आधीची कित्येक वर्षं ताण होता, ऑपरेशनने तो कमी झाला, पण झालेलं सगळंच काही भरून निघत नाही. ऑपरेशन केलं नसतं तर किती जगली असती, हे कुणालाही सांगता येणार नाही. तेव्हा मीही ते सांगणार नाही. पण ऑपरेशननंतरच्या पाच वर्षांत काय झालं, ते मी जवळून पाहिलं आहे. ते सांगते.

हेमाचं शिवणाचं दुकान बोईसरला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळांचे गणवेश. नवरा प्रकाश एका कंपनीत फिटर, पाळीवर जाणारा. तिचं माहेर घिवलीचं, मासेमारी करणारं घर. वडील गेल्यावर बोट थोरला भाऊ रघुनाथ चालवायचा. मी रंगांच्या कारखान्यात नमुने तपासते, म्हणून ती मला 'लॅबवाल्या बाई' म्हणायची. आमची ओळख झाली ती एका टेपवरून. मी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. तिच्या गळ्यातली टेप नेहमीपेक्षा लांब दिसली. साठ इंचांनंतर पुन्हा एक, दोन, तीन सुरू होत होतं. मी निरखून पाहतेय हे तिने ओळखलं. "माझ्यासाठी जोडलीय," ती म्हणाली. "कंपनीला वाटतं साठाच्या पुढे माणूसच नसतो." दुसऱ्या जुन्या टेपचा तुकडा तिने इतका बारीक टाके घालून जोडला होता की शिवणीत एका रेघेचाही फरक नव्हता. मी घरी आणून पट्टीला लावून बघितली, म्हणून सांगते.

तेव्हा तिचं वजन एकशे चौतीस किलो होतं. उंची पाच फुटांच्या आतली. साखर, रक्तदाब, गुडघे. रात्री आडवी झाली की श्वास अडकायचा, म्हणून ती उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपायची. लोकांना वाटायचं, ही फार खाते. मी तिच्याबरोबर पुष्कळ वेळा जेवले आहे. ती जास्त खायची, हे खरं. पण माझ्या नणदेपेक्षा जास्त नाही, आणि नणंद काडीसारखी. हे गणित मला सुटत नव्हतं आणि हेमालाही सुटत नव्हतं. भाताशिवाय महिने काढून झाले होते, चालणं झालं होतं, कुठलीशी पावडर झाली होती. वजन थोडं उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. "हे वजन मला ओळखतं," ती म्हणायची. "कुठे पण गेलं तरी घरी येतं."

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी तिला ऑपरेशनचा मार्ग सांगितला. प्रकाशराव पाळीवर होते, म्हणून मी बरोबर गेले होते. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. जठराची पिशवी उभी कापायची, मोठा भाग काढून टाकायचा, केळ्यासारखी नळी उरते. पोटावर चार-पाच लहान छिद्रं, त्यातूनच सगळं काम. हेमा खुर्चीत पुढे सरकली. तिचा चेहरा मला आजही आठवतो... घाबरलेल्या बाईचा नव्हता, नवा कपडा पाहणाऱ्या शिंपिणीचा होता.

"म्हणजे टीप मारून आल्टर करणार."

"जवळजवळ तसंच," डॉक्टर हसले.

"टीप आधी की कापणं आधी?"

"एकाच यंत्रात दोन्ही होतं. दोन्ही बाजूंना बारीक धातूच्या पिना बसतात आणि मधून कापलं जातं."

"आणि उसवलं तर?"

डॉक्टर हसायचे थांबले. तशी शक्यता थोडी असते, म्हणाले, आणि ती कशी ओळखायची, काय करायचं, हे नीट समजावून सांगितलं. ऑपरेशनआधी काही दिवस फक्त पातळ आहार घ्यायचा, नंतर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वरचेवर रक्ततपासणी. हे सुंदर दिसण्याचं ऑपरेशन नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. परत येताना गाडीने विरार सोडलं. तेव्हा हेमा म्हणाली, "त्यांनी उसवण्याचं खरं सांगितलं. त्यांच्याकडेच करायचं."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दुकानातल्या आमच्या संध्याकाळच्या गप्पांना विषयच विषय झाले. काढून टाकलेल्या भागातच भूक लावणारं एक द्रव्य तयार होतं, म्हणून भूक कमी होणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तशी ती झाली. पण हेमाला काही वेगळंच सापडलं. "बाई, भूक गेली हो," एक दिवस ती मला म्हणाली. "पण चार वाजले की हात डब्याकडे जातो. मग इतकी वर्षं चार वाजता कोण जेवत होतं?" हा प्रश्न तिने पुष्कळ दिवस मनात घोळवला. जेवताना मध्येच हात थांबवून, मान कलती करून ती बसायची, दारावर कुणी आलंय का हे ऐकावं तशी. "विचारतेय," म्हणायची. "पोट हळू बोलतं. पूर्वी मी त्याला बोलूच देत नव्हते." चहातली साखर तिला किळसवाणी लागू लागली. ज्या सुक्या बोंबलांवर जीव, त्यांचा वास काही महिने सोसेना आणि मग एके दिवशी पुन्हा आवडू लागला. केस गळले, परत आले. त्वचा सैल पडली. दंडाखालची घडी चिमटीत धरून ती म्हणाली, "कापड उरलंय. राहू दे. मी तरी गिऱ्हाइकाचं जास्तीचं कापड कुठे कापते? आत दुमडून ठेवते." पहिले तीस किलो उतरले तेव्हा तिने मला विचारलं, "हे गेले कुठे? मी टाकले तर नाहीत कुठे." मला उत्तर माहीत होतं, त्याचा मला फार आनंद झाला. चरबी जळली की तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, उरलेलं पाणी होतं. तिने शिवणयंत्र थांबवलं. "म्हणजे मी बोलता बोलता गेले?" आणि मग दुकानात इकडेतिकडे पाहत, "म्हणजे हितंच हाय मी सगळी." ती खूप हसली की घिवलीची भाषा तोंडात यायची.

घिवलीचं नाव मात्र ती घेत नसे. दर दिवाळीत तिकडून कुणाच्या तरी हाती सुक्या मासळीची पिशवी यायची आणि ती न उघडता माझ्याकडे यायची. मी ती वर्षानुवर्षं आनंदाने खाल्ली. ती भाऊबिजेची असते हे मला ठाऊक नव्हतं. कारण कळलं ते असं. ऑपरेशनच्या आठ-नऊ वर्षं आधी घिवलीला चुलत बहिणीची हळद होती. हेमा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि खुर्चीचा पाय मोडला. मांडवभर माणसं. रघुनाथ लांबून ओरडला, "हिला दोन खुर्च्या द्या रे! एक मोडायला, एक बसायला!" सगळे हसले. तीही हसली, साडी झटकली, आणि मिळाली ती रिक्षा करून निघून आली. त्यानंतर ती माहेरी गेली नाही. तिने रागावून बोलावं अशी तो वाट बघत होता, आणि त्याने येऊन काही म्हणावं अशी ती. दोघंही वाट बघण्यात तरबेज.

ऑपरेशनला चार-पाच महिने झाल्यावर ती कुणालाही न सांगता एकटीच घिवलीला गेली. ऑपरेशनचं तिकडे कुणालाच माहीत नव्हतं. परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. त्यांच्या घरात एक रीत आहे. भांडण झालेल्या दोघांनी एका ताटात जेवायचं आणि ताटात काही ठेवायचं नाही. माफी कुणी मागत नाही, ताट रिकामं झालं की विषय संपला. रघुनाथने तिला दारात पाहिलं आणि बायकोला, सुमनला, म्हणाला, "मोठं ताट काढ." भात, तळलेली सुरमई, कालवण, भाकरी. ताट शिगोशीग. बहीण उतरलेली दिसत होती, म्हणून त्याने आणखी वाढलं. हेमाने चार घास खाल्ले आणि पोट भरलं. ती थांबली. रघुनाथने स्वतःच्या हाताने एक घास पुढे केला. "एक माझ्या हातचा." तिने घेतला. "एक आईच्या नावाचा." तोही घेतला... आणि मग तिला मागच्या दारी धावावं लागलं.

"मी तोंड धुऊन आले तर सगळे माझ्याकडे बघत उभे," ती सांगत होती. "सुमनवयनीच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं मला मोठा आजार झालाय, निरोप घ्यायला आलेय. आणि दादा ताटाकडे बघत होता."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? पोट कापून बारीक झाले? पुढच्या हळदीत मांडवभर तेच चाललं असतं. खुर्चीवरचं हसणं निभावलं, आता पोटावरचं?" मग आवाज उतरवून म्हणाली, "पण बाई, ताट अर्धं राहिलं. आमच्यात अर्धं ताट म्हणजे भांडण चालू. मी मिटवायला गेले आणि त्याच्या घरचं अन्न मागच्या दारी टाकून आले."

मी हिशोबी बाई. मला यात एकच गोष्ट दिसली. ताट मोठं आणि पोट लहान, आणि हे त्या घरात फक्त एका माणसाला माहीत आहे. मी तसं म्हटलं. ती चिडली. पुढचे दोन आठवडे तिने माझ्याशी फक्त मापापुरतं बोलणं ठेवलं. मग एका रविवारी सकाळी बेल वाजवली. "चला घिवलीला. तुम्ही शास्त्राचं सांगा, मी बाकीचं सांगते." पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवून बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवायचे दिवस होते, म्हणून रघुनाथ घरी सापडणार होता. रिक्षात तिने गळ्यातली टेप हातात गुंडाळून धरली होती.

रघुनाथ ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. "बरी हायस?" एवढं विचारलं. हेमा त्याच्यासमोर खाली बसली, टेप उलगडली आणि कमरेभोवती घेतली. जोड असलेला तुकडा आता मोकळा लोंबत होता. "हितपर्यंत होते," तिने जोडाच्या पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आजार नाय झाला, दादा. ऑपरेशन केलं. पोट कापून लहान केलं. म्हणून जेवले नाय." मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही. जन्मभर मासे फाडलेला माणूस तो. त्याने सुई खाली ठेवली आणि विचारलं, "लहान म्हंजे कसं? गोल की लांबडं?"

"लांबडं. नळीसारखं."

"म्हंजे सुरमईचं असतं तसं. आनि पयलं कसं होतं? पयलं तर..." आणि तो एकदम थांबला. तोंडाशी आलेली गंमत त्याने गिळली. ते गिळणं मला दिसलं, हेमालाही दिसलं. जाळ्याचा एक फास तो उगाच घट्ट करत राहिला.

"बोल ना," हेमा म्हणाली. "मोरीसारखं होतं म्हन. अख्खी होडी गिळंल असं."

मोरी म्हणजे शार्क. रघुनाथने बहिणीकडे पाहिलं. हसू आधी त्याच्या खांद्यांना आलं, मग तोंडाला. "मी नाय म्हटलं. तूच म्हटलंस." दोघं इतकी हसली की सुमन आतून हात पुसत बाहेर आली. हसता हसताच तो एकदम म्हणाला, "त्या खुर्चीचं..." हेमाने हात वर केला. "ताट काढायला सांग."

ताट आलं. या वेळी सुमनने मला हळूच विचारलं, किती वाढू? मी म्हटलं, तिला एका वेळी चार-पाच घास, आधी मासळी, भात मागाहून. रघुनाथला हे फार पटलं. "आधी मासळी? बरा डागतर हाय." पण घरच्या रिवाजाला चार घासांचं ताट चालेना, आणि मोठं ताट हेमाच्याने संपेना. सगळे पुन्हा ताटाकडे बघत बसले. तेव्हा सुमन म्हणाली, "एका बैठकीतच संपवायचं असं कोन सांगून गेलंय? खा चार घास. मी झाकून ठेवते. दुपारी परत बसा."

तसंच झालं. दोघांनी चार-चार घास खाल्ले, सुमनने दुसरं ताट वर पालथं घातलं. दोन तासांनी पुन्हा मासळी गरम करून आणली, पुन्हा दोघं बसली. दुपारनंतर पुन्हा. मधल्या वेळात कुणाला काही काम नव्हतं, म्हणून ती दोघं बोलत होती. आई जाळ्याला कसे रंग द्यायची, वडील हेमाला बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, बसवून कसे न्यायचे, रघुनाथच्या गुडघ्याला हल्ली काय होतं. हेमाने त्याला वजन श्वासातून जातं हे सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "मंग बोईसरला कशाला सोडलं? हितं येऊन सोडायचं होतं. आमची हवा काय वाईट?" एका ताटात जेवायचं म्हणून तोही उपाशीच राहत होता. तिसऱ्या बैठकीआधी सुमनने त्याला चुलीपाशी भाकरी तोंडात कोंबताना पकडलं आणि ओट्यावर येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं. "हे बघा, ह्यांना पन डागतरकडं न्या!" दिवेलागणीच्या सुमारास शेवटचा भात हेमाने बोटाने पुसून घेतला. ताट रिकामं झालं. सुमन ते उचलून घासायला घेऊन गेली.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा घिवलीला जायची, अख्ख्या दिवसासाठी. गोष्ट इथे संपवली तर छान दिसेल, पण ते पुरतं खरं होणार नाही. वजन एकोणऐंशीपर्यंत उतरलं आणि शेवटच्या दोन वर्षांत अठ्ठ्याऐंशीवर आलं. एका वर्षी तिने गोळ्यांचा कंटाळा केला आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पुन्हा सुरू केल्या. चार वाजता कोण जेवतं, याचं उत्तर तिला शेवटपर्यंत पूर्ण मिळालं नाही. "कधी दमलेली हेमा असते, कधी रागावलेली, कधी उगाचच कुणीतरी," असं तिने मला गेल्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. पण साखरेच्या गोळ्या सुटल्या होत्या, ती आडवी होऊन झोपायची, आणि लग्नाच्या कुठल्याही कार्यालयात गेली की पहिली दिसेल त्या खुर्चीवर बसायची. ऑपरेशनला वाईट म्हणणाऱ्यांना मी एवढं सांगते. ते चांगलंच असं म्हणणाऱ्यांना त्या मुंग्यांचं सांगते.

मागच्या रविवारी मी घिवलीला गेले. दुकान आवरताना प्रकाशरावांना रघुनाथसाठी शिवलेला एक सदरा सापडला होता, काजं राहिलेली. ती मी पूर्ण केली, माझ्या हाताने जमली तशी. सदरा द्यायचा, पाच मिनिटं बसायचं आणि त्याच रिक्षाने परत यायचं, असं ठरवून गेले होते. रिक्षावाल्याला थांबायलाही सांगितलं होतं. बोटी पुन्हा किनाऱ्यावर होत्या. रघुनाथने सदरा उलटा करून आतली शिवण पाहिली, आत दुमडलेल्या जास्तीच्या कापडावर अंगठा फिरवला. "किती माया सोडलीय बघा," म्हणाला. "मी जाड होनार हाय असं वाटलं हिला." सुमन आतून मोठं ताट घेऊन आली. मी म्हटलं, वहिनी, मी जेवून आलेय. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ताट आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. मी मासळीचे तीन-चार घास खाल्ले, रघुनाथनेही खाल्ले. मग त्याने हात थांबवला, मान थोडी कलती केली, ऐकल्यासारखी... ती सवय त्याला कधी लागली, मला माहीत नाही. सुमनने दुसरं ताट आणून वर पालथं घातलं.

"तुमच्याजवळ इतकी वर्षं होती ती," रघुनाथ म्हणाला. "मी ज्या वर्षांत नव्हतो, ती सांगा. घाई नाय. अजून ताट भरलेलं हाय."

मी उठून रिक्षावाल्याला जायला सांगितलं, आणि परत येऊन टेपपासून सुरुवात केली.